शेतकऱ्याचं पोर, सरकारी पगार आणि ५० लाख रायफली: जॉन गॅरंड यांची गोष्ट

१६ फेब्रुवारी, स्मृतिदिन विशेष

१६ फेब्रुवारी १९७४ रोजी अमेरिकेतल्या स्प्रिंगफिल्ड या शहरात ८६ वर्षांचा एक निवृत्त सरकारी नोकर वारला. साधं घर, साधी राहणी. पण या माणसानं तयार केलेली रायफल दुसऱ्या महायुद्धात लाखो सैनिकांच्या खांद्यावर होती. नाव जॉन गॅरंड. रायफलीचं नाव एम-१, पण जग तिला गॅरंड रायफल म्हणूनच ओळखतं.

ही गोष्ट आपल्या भागातल्या वाचकांना सांगायची दोन कारणं आहेत. एक म्हणजे हा माणूस शेतकऱ्याच्या घरात जन्मला, शाळा फार शिकला नाही आणि जे शिकला ते लेथ मशीनवर उभं राहून शिकला. दुसरं म्हणजे त्याची रायफल एकाच नकाशावरून अमेरिकेत चार वेगवेगळ्या कारखान्यांनी बनवली. नकाशा एक, माप एक, पण चौघांचा माल हातात घेतला की फरक कळतो. या चारांतला एक कारखाना तर ट्रॅक्टरवाल्यांचा होता आणि त्यांचा ट्रॅक्टर आपल्या शिवारातही आला. ते पुढं सांगतोच.

बारा भावंडांतला जॉन

जॉन यांचा जन्म १ जानेवारी १८८८ चा. गाव सेंट रेमी, कॅनडाच्या क्युबेक प्रांतात, माँट्रियल शहराजवळ. घरची शेती, घरात भाषा फ्रेंच. सहा भाऊ, सहा बहिणी. गंमत म्हणजे सहाही भावांचं पहिलं नाव एकच ठेवलेलं, सेंट जाँ बाप्तिस्त. बाकीचे पाच भाऊ आपापलं दुसरं नाव वापरायचे. जाँ, म्हणजे इंग्रजीत जॉन, हे नाव एकट्यानंच चालवलं.

जॉन दहा-अकरा वर्षांचे असताना आई गेली. वडील मुलांना घेऊन शेती सोडून अमेरिकेत कनेक्टिकट राज्यात आले. तिथं कापडाच्या गिरण्या होत्या. जॉन गिरणीत झाडू मारायच्या कामाला लागले. इंग्रजी येत नव्हतं, ते झाडू मारता मारताच शिकले. रिकामा वेळ मिळाला की मशीन दुरुस्त करणाऱ्या माणसांच्या मागं उभं राहून बघायचे. असं बघत बघत विशीच्या आत ते चांगले मशीनिस्ट झाले. बंदुकीचा नादही तेव्हाच लागला. नेमबाजीच्या एका गॅलरीत काम करताना नेम धरायला शिकले आणि तो शौक पुढं कायम राहिला.

१९०९ मध्ये त्यांना ब्राऊन अँड शार्प या कंपनीत नोकरी लागली. ही कंपनी मायक्रोमीटर, गेज आणि मशीन टूल बनवणारी. मायक्रोमीटर म्हणजे केसाच्या जाडीपेक्षाही बारीक फरक मोजणारं साधन. आपल्याकडं इंजिनचं काम करणारा मेकॅनिक क्रँक मोजायला वापरतो तेच. इथं जॉन यांच्या हाताला मापाची सवय लागली. माप चुकलं तर भाग कितीही चकचकीत असो, उपयोग नाही, हे त्यांच्या अंगात मुरलं ते इथंच.

पहिलं यंत्र युद्ध संपल्यावर तयार

पहिल्या महायुद्धाच्या काळात, १९१७ मध्ये, अमेरिकन लष्कराला हलकी मशीनगन हवी होती. गॅरंड यांनी आपली रचना पाठवली, ती पसंत पडली आणि सरकारनं त्यांना नोकरीवर घेतलं. नमुना तयार व्हायला १९१९ उजाडलं. तोवर युद्धच संपलेलं. पण माणूस कामाचा आहे हे अधिकाऱ्यांनी ओळखलं होतं. त्यांना स्प्रिंगफिल्ड आर्मरी या सरकारी शस्त्र कारखान्यात पाठवलं गेलं. तिथं ते १९१९ पासून १९५३ पर्यंत राहिले. एकच कारखाना, ३४ वर्षं.

काम दिलं होतं ते अवघड. तेव्हाच्या सैनिकाला प्रत्येक गोळीनंतर हातानं बोल्ट मागं ओढून पुढं ढकलावा लागायचा. तेवढ्या वेळात नजर नेमावरून हलायची. लष्कराला अशी रायफल हवी होती की एक गोळी सुटली की दुसरी आपोआप जागेवर यावी. अशा रायफली तोवर बऱ्याच जणांनी बनवल्या होत्या, पण कुठली जड, कुठली नाजूक, तर कुठली धूळ-चिखलात अडकणारी.

गॅरंड यांचा पहिला प्रयोग वेगळ्याच तत्त्वावर होता. काडतुसाच्या बुडाशी जी छोटी टोपी असते तिच्या धक्क्यावर यंत्र चालायचं. काही वर्षांची मेहनत झाली आणि लष्करानं काडतूसच बदललं. नव्या काडतुसावर ही रचना चालेना. सगळं मोडून नव्यानं सुरुवात. मग त्यांनी नळीतल्या गॅसच्या दाबावर दांडा मागं ढकलायची पद्धत घेतली.

स्पर्धाही मोठी होती. जॉन पेडरसन नावाचे नावाजलेले रचनाकार समोर होते. त्यांच्या रायफलीला काडतुसावर मेणाचा पातळ थर लागायचा. गॅरंड यांच्या रायफलीला असं काही लागत नव्हतं. चाचण्या वर्षानुवर्षं चालल्या. एका चाचणीत गॅरंड यांच्याच रायफलीचा बोल्ट तडकला. पुन्हा दुरुस्ती, पुन्हा चाचणी. १९३२ मध्ये लष्करप्रमुख मॅकआर्थर यांनी ठरवलं की जुनंच मोठं काडतूस ठेवायचं, कारण त्याचा साठा बक्कळ पडून होता. गॅरंड यांची त्या काडतुसाची रायफलही तयारीत होती. जानेवारी १९३६ मध्ये लष्करानं ती अधिकृतपणे स्वीकारली.

रायफलीचं वजन सव्वाचार किलोच्या आसपास, लांबी साधारण ११० सेंटीमीटर. लोखंडी क्लिपमध्ये आठ काडतुसं बसायची. आठवी गोळी सुटली की रिकामी क्लिप टणकन आवाज करत वर उडायची.

नमुना चांगला, माल अडकला

आता खरी गोष्ट सुरू होते. नमुना बनवणं वेगळं आणि त्याचे लाख नग बनवणं वेगळं. नमुना टूलरूममध्ये कसबी कारागीर हातानं घासून-पुसून बसवतो. कारखान्यात तोच भाग मशीनवरून धडाधड निघतो.

१९३९ च्या सुमारास तक्रारी यायला लागल्या. रायफल सहा गोळ्या नीट मारायची आणि सातव्या गोळीला अडकायची. तेही नेहमी नाही, अधूनमधून. नमुन्यात हा दोष कधी दिसला नव्हता. शोध घेतल्यावर कारण सापडलं ते अगदी बारीक. रायफलीच्या मधल्या लोखंडी घरात, ज्याला रिसीव्हर म्हणतात, काडतुसाला वाट दाखवणारी एक छोटी कड होती. हातानं बनवलेल्या नमुन्यात ती पुरती होती. कारखान्यात मशीनचं काम सोपं व्हावं म्हणून कटर थोडा पुढं जाऊ दिला आणि कडेचा तुकडा कापला गेला. तेवढ्या तुकड्यानं सातवी गोळी तिरकी व्हायची. आधी बनलेल्या रायफलींना तिथं वेल्डिंगनं धातू भरावा लागला आणि पुढं मशीनचं काम बदललं.

विचार करा, मंडळी. नकाशा बरोबर, लोखंड बरोबर, मशीन बरोबर. एका टप्प्यावर काम सोपं करायला गेले आणि रायफल बिघडली. सैनिकाच्या हातात रायफल अडकली तर ती परत करायला दुकान नसतं.

दुसरा दोष मात्र रचनेतलाच होता. सुरुवातीला गॅस नळीच्या टोकाशी अडवला जायचा. ते टोक ढिलं व्हायचं, साफ करायला त्रासाचं व्हायचं. गॅरंड यांनी आपली चूक मान्य करून ते बदललं आणि नळीलाच छिद्र ठेवून तिथून गॅस घेतला. तोवर सुमारे ५० हजार रायफली जुन्या पद्धतीच्या बनल्या होत्या. त्यातल्या बहुतेक नंतर बदलून घेतल्या.

त्यांचं एक मोठं काम सहसा कुणी सांगत नाही. रायफल बनवायला लागणारी कितीतरी मशिनरी आणि हत्यारंही त्यांनीच तयार केली. वस्तू कशी असावी हे सांगून ते थांबले नाहीत. ती हजारोंच्या संख्येनं एकसारखी कशी निघेल, हेही त्यांनीच बसवलं.

चार कारखाने, चार हात

*स्प्रिंगफिल्ड आर्मरी.* हा सरकारी कारखाना, १७९४-९५ पासूनचा. एका बंदुकीचा भाग दुसऱ्या बंदुकीला जसाच्या तसा बसावा, हे तंत्र अमेरिकेत ज्या मोजक्या कारखान्यांनी रुजवलं त्यात याचं नाव येतं. प्रत्येक भागाला गेज लावायचं, बसला तर पुढं, नाही बसला तर बाजूला. दुसऱ्या महायुद्धात त्यांनी सुमारे ३५ लाख गॅरंड रायफली बनवल्या. रचनेत सुधारणा झाली की ती इथं लगेच लागू व्हायची, कारण रचनाकार स्वतः याच आवारात कामाला. कडा गोलसर, वरचं काम साफ, दस्ता लोखंडाला घट्ट बसलेला. बाकी सगळ्यांची तुलना यांच्याशीच होते.

*विंचेस्टर.* १८६६ पासूनची नामांकित खासगी कंपनी. महायुद्धात त्यांनी ५ लाख १३ हजारांच्या आसपास गॅरंड बनवल्या. नाव मोठं, पण फिनिशिंगला हीच रायफल सगळ्यात खडबडीत मानली जाते. लोखंडावर कटरच्या रेघा उघड दिसतात. युद्धाची घाई, रात्रंदिवस चाललेली हत्यारं, आणि स्प्रिंगफिल्डमध्ये झालेल्या सुधारणा इथं उशिरानं पोचायच्या. जुन्याच पद्धतीचे भाग ते जवळजवळ कंत्राट संपेपर्यंत बनवत राहिले. पण एक गोष्ट नीट लक्षात घ्या. रेघा दिसायच्या तरी रायफल चालायची. गेजमधून पास झाल्याशिवाय माल सरकार घेतच नव्हतं. दिसणं खडबडीत असणं वेगळं आणि माप चुकणं वेगळं.

*इंटरनॅशनल हार्वेस्टर.* ही ती ट्रॅक्टरवाली कंपनी. फार्मऑल ट्रॅक्टर, कापणी यंत्रं, ट्रक यांत हिचं मोठं नाव. कोरियाच्या युद्धाच्या काळात सरकारला पुन्हा रायफली हव्या होत्या आणि सगळे कारखाने देशाच्या एकाच कोपऱ्यात नकोत असंही वाटत होतं. म्हणून इंडियाना राज्यातल्या इव्हान्सव्हिल इथल्या त्यांच्या कारखान्याला काम दिलं. तिथं तोवर फ्रीज बनायचे. बंदुकीचा अनुभव काहीच नाही. वाटलं होतं, ट्रॅक्टर बनवणाऱ्याला रायफल काय अवघड? पण चांगलीच दमछाक झाली. रिसीव्हर पुरेसे निघेनात, तेव्हा स्प्रिंगफिल्डकडून आणि दुसऱ्या एका कारखान्याकडून तयार रिसीव्हर आणून काम पुढं न्यावं लागलं. नळ्याही बाहेरच्या कंपनीकडून घेतल्या. १९५३ ते १९५६ या काळात सुमारे ३ लाख ३७ हजार रायफली निघाल्या आणि त्यांनी तो धंदा सोडला. ज्या निघाल्या त्या मात्र वाईट नव्हत्या.

याच कंपनीनं पुढं १९६३ मध्ये महिंद्र आणि व्होल्टास यांच्यासोबत भारतात ट्रॅक्टर कंपनी काढली. बी-२७५ ट्रॅक्टर त्यातूनच आला. आपल्याकडं जुनी माणसं ज्याला नुसतं इंटरनॅशनल म्हणायची, तोच. रायफलीत जिची दमछाक झाली, त्याच कंपनीचा ट्रॅक्टर आपल्या रानात वर्षानुवर्षं राबला. ज्याचं त्याला जमतं, ते असं.

*हॅरिंग्टन अँड रिचर्डसन.* मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या वूस्टर शहरातली बंदूक कंपनी. हिच्या बंदुका स्वस्तातल्या म्हणून ओळखल्या जायच्या. हिलाही कोरिया युद्धाच्या काळात काम मिळालं. सव्वाचार लाखांच्या वर रायफली बनवल्या आणि त्या फिनिशिंगला इतक्या नीटस निघाल्या की जुन्या रायफली जपणारे लोक आजही त्यांचं नाव आदरानं घेतात. मोठ्या नावाच्या विंचेस्टरपेक्षा या कमी नावाच्या कंपनीचा माल देखणा.

वरच्या रंगाबद्दलही थोडं सांगतो. सैनिकी रायफलीला चकाकी नको असते, उन्हात चमकली तर माणूस शत्रूला दिसतो. म्हणून लोखंडाला फॉस्फेटचा करडा, हिरवट झाक असलेला थर देत. तेल त्यात मुरून राहतं, गंज लवकर धरत नाही. दस्ता अक्रोडाच्या लाकडाचा आणि त्याला जवसाचं तेल पाजलेलं. तेच जवस, जे आपल्याकडं रब्बीला होतं आणि चटणीला लागतं. फिनिशिंग म्हणजे नुसतं रूप नाही. पावसात, चिखलात, बर्फात लोखंड आणि लाकूड टिकवण्याचं ते काम आहे.

मशीन तेच, हात वेगळे

युद्ध संपल्यावर विंचेस्टरची गॅरंड बनवायची मशिनरी इटलीला गेली. तिथं बेरेटा या जुन्या कंपनीनं त्याच मशिनरीवर गॅरंड बनवल्या. डेन्मार्कसारख्या देशांनी त्या विकत घेतल्या. या रायफली नीटस कामाच्या मानल्या जातात. ज्या मशिनीवर विंचेस्टरच्या रेघा उठल्या, त्याच मशिनीवर बेरेटाचं साफ काम झालं. घाई नव्हती, हत्यारांना वेळच्या वेळी धार मिळत होती.

आता उलटं उदाहरण. गॅरंड निवृत्त झाल्यावर त्यांच्याच रचनेतून पुढं एम-१४ नावाची रायफल झाली, ती १९५७ मध्ये स्वीकारली गेली. तीही चार कारखान्यांनी बनवली. त्यात हॅरिंग्टन अँड रिचर्डसन होती, जिच्या गॅरंडचं एवढं कौतुक झालं. पण एम-१४ बनवताना त्यांच्या काही रायफलींचे भाग गोळी मारताना फुटले. चौकशीत पोलाद आणि त्याला पाणी पाजण्यातल्या चुका निघाल्या. लोहार कोयत्याला पाणी पाजतो तसंच ते. कमी पडलं तर धार वळते, जास्त झालं तर तुकडा पडतो. बाहेरून काहीच दिसत नाही. आणि सगळ्यात चांगली एम-१४ कुणाची मानली जाते? टीआरडब्ल्यू या ओहायोतल्या कंपनीची, जी मोटारी आणि विमानांचे भाग बनवायची आणि रायफलीत नवखी होती. त्यांनी रायफलीसाठी नवी मशिनरी घातली, तपासणी कडक ठेवली.

म्हणजे कालचं नाव आजच्या मालाची हमी देत नाही. प्रत्येक खेपेला लोखंड तपासावंच लागतं.

पैसा आला नाही

गॅरंड रायफल सगळ्या कारखान्यांची मिळून ५० लाखांहून जास्त बनली. आज एखाद्यानं एवढ्या खपाची वस्तू शोधली तर पिढ्या बसून खातील. गॅरंड यांनी मात्र आपल्या शोधाचे सगळे हक्क सरकारला देऊन टाकले होते. प्रत्येक रायफलीमागं एक पैसाही त्यांना मिळाला नाही, मिळाला तो महिन्याचा पगार. त्यांना १ लाख डॉलर द्यावेत असा प्रस्ताव अमेरिकेच्या संसदेत आला होता, तो मंजूर झाला नाही. १९४१ आणि १९४४ मध्ये पदकं मात्र दिली. त्यांनी यावर कधी आरडाओरड केल्याचं ऐकिवात नाही. १९३० मध्ये लग्न झालं होतं, एक मुलगा, एक मुलगी. हिवाळ्यात बर्फावर स्केटिंग करायचा शौक. घरातच पाणी गोठवून त्यांनी एकदा स्केटिंगची जागा केली होती असंही सांगतात.

हे बरोबर झालं का? सरकारी पगारावर, सरकारी कारखान्यात, सरकारच्या लोखंडावर केलेलं काम सरकारचं, असं म्हणता येईल. पण विंचेस्टरला, हार्वेस्टरला प्रत्येक रायफलीचे पैसे मिळाले. कंपन्यांनी घेतले त्यात चूक नाही, तो त्यांचा धंदा. फक्त ज्याच्या डोक्यातून आणि हातातून ती निघाली त्याच्या वाट्याला पगार आणि पदक. पिकवणाऱ्याला किती आणि विकणाऱ्याला किती, हा हिशोब आपल्याला वेगळा सांगायला नको.

शस्त्र शेवटी शस्त्र आहे, त्यानं माणसं मरतात. गॅरंड यांच्या रायफलीनंही मेली. पण हिटलरच्या फौजांविरुद्ध उभ्या राहिलेल्या पोरांच्या हातात ती होती, आणि ऐनवेळी दगा देणार नाही एवढी ती पक्की असावी, यासाठी या माणसानं आयुष्य घातलं.

१९५३ मध्ये ते निवृत्त झाले. १९६८ मध्ये स्प्रिंगफिल्डचा तो जुना कारखानाही बंद झाला. जिथं त्यांनी ३४ वर्षं काढली त्याला कुलूप लागलेलं त्यांनी डोळ्यांनी पाहिलं. आज तिथं संग्रहालय आहे. गॅरंड यांच्या प्रयोगातल्या रायफली तिथं ठेवल्या आहेत.

पुढच्या वेळी अवजार घ्यायला जाल, फाळ असो की फवारणी पंप, तेव्हा रंग आणि स्टिकर बघून थांबू नका. जोड बघा, कडा बघा, भाग जागेवर घट्ट बसतो का बघा. झाडू मारता मारता कारागीर झालेला सेंट रेमीचा तो शेतकऱ्याचा पोरगा आयुष्यभर तेच बघत होता.